मानमोडीच्या सालचा माणूस

तृतीय वर्ष कलाशाखेच्या वर्गाला मी विसाव्या शतकातील जगाचा इतिहास शिकवितो. दोन महायुद्धे, रशियन क्रांती, महामंदी, फॅसिझम, वसाहतींचे स्वातंत्र्य, शीतयुद्ध, सोव्हिएत संघाचे विघटन असा त्याचा ठरलेला क्रम आहे. एकदा महामंदीवरील तास संपत आला असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे सगळं चाललं होतं तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं?" मी सवयीने दांडी, सविनय कायदेभंग, गोलमेज परिषद असे सांगू लागलो. ती म्हणाली, "तसं नाही सर. आपल्याकडे म्हणजे आपल्या घरात." वर्ग हसला. मला हसू आले नाही. प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेताना दोन वर्षांत तो मला कोणी विचारलाही नव्हता.

ज्या पुस्तकाच्या आधाराने मी हा विषय शिकवितो ते एरिक हॉब्सबॉमचे 'एज ऑफ एक्स्ट्रीम्स'. हॉब्सबॉमचा जन्म १९१७ सालचा, अलेक्झांड्रियाचा. आपण ज्या शतकाचा इतिहास लिहितो आहोत त्यातला बहुतेक काळ आपण स्वतःच जगलो आहोत, हे त्याने आरंभीच कबूल केले आहे. त्याने या शतकाला १९१४ ते १९९१ अशी मुदत घातली. महायुद्धाने उघडलेले आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर मिटलेले ते एक 'छोटे शतक' आहे, असे त्याचे म्हणणे. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते हॉब्सबॉमपेक्षा एक वर्षाने लहान. पवनाकाठी रावेतच्या महारवाड्यात १९१८ साली जन्मले आणि २००० साली तेथेच वारले. म्हणजे शतक दोघांचेही एकच. मात्र आबांना १९१४ ही तारीख ठाऊक नव्हती आणि १९९१ ने त्यांचे काही मिटले नाही. त्यांच्या आयुष्याची कॅलेंडरे वेगळी होती. मानमोडीचे साल, डेपो लागला ते साल, बाबासाहेब देहूरोडला आले ते साल, गावकी सोडली ते साल, मिलोचे साल. आजी यात सुकडीच्या सालाची भर घालीत असे. या सालांचा हिशेब लावण्याचा प्रयत्न मी येथे करणार आहे.

प्रथम मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत. महायुद्धाच्या छावण्यांतून आणि जहाजांतून ती जगभर पसरली. मुंबई बंदरात ती उन्हाळ्याच्या अखेरीस उतरली. जून-जुलैची पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी माणसे कापीत गेली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, त्यामुळे अन्न नाही, चारा नाही आणि घरोघर ताप अशी अवस्था. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, २५.२ कोटींवरून २५.१ कोटींवर आली.

आकडे येथवर सर्वांना ठाऊक आहेत. पुढचे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मुंबई शहरात या साथीत युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८.३ होता, पारश्यांचा ९, 'इतर जातीच्या हिंदूंचा' १८.९. आणि ज्यांना त्या कोष्टकात 'लो कास्ट हिंदू' म्हटले आहे त्यांचा ६१.६. विषाणूला जात कळत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे. विषाणूला कळत नसेल. पण खोलीत माणसे किती, पाणी किती दुरून आणायचे, आजारात पेज कोण देणार, हे ज्या व्यवस्थेने ठरविले होते तिला जात चांगली कळत होती. रावेतच्या महारवाड्याचा आकडा कोणी मोजला नाही. आबांच्या आईने त्या पंधरवड्यात दोन लेकरे पुरली आणि तिसरे पोटात वाढविले, एवढेच आमच्या घरात सांगत आले आहेत. ते तिसरे म्हणजे आबा.

त्यांच्या जन्माची नोंद कुठे नव्हती. ती झाली १९४३ साली, देहूरोडच्या डेपोत, भरतीच्या वेळी. हा प्रसंग आबा रंगवून सांगत. टेबलामागे बसलेला कारकून दूरच्या प्रांताचा. त्याने विचारले, जन्म कधीचा? हे म्हणाले, "मानमोडीच्या सालचा." त्याला काही उमगेना. मग रांगेतल्याच एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या हिंदीत समजावले की पहिली लढाई खतम झाली ते साल. कारकुनाने १९१८ लिहिले. आबांचे निवृत्तीचे साल, पेन्शनचे हिशेब, मरणानंतर आजीला मिळालेली रक्कम, हे सारे त्या एका आकड्यावर उभे राहिले. आमच्या कुळात कागदावर आलेली ही पहिली जन्मतारीख, आणि ती ठरविताना पंचांग नव्हते, पुरोहित नव्हता. एक साथ आणि एक महायुद्ध एवढ्याच दोन खुणा होत्या. ज्यांच्याकडे जन्मपत्रिका असते त्यांना जगाचा इतिहास पुस्तकात वाचायला मिळतो. ज्यांच्याकडे ती नसते त्यांना आपले वय काढण्यासाठी त्याच्याकडे जावे लागते.

डेपोपर्यंत पोहोचण्यापूर्वीची पंचवीस वर्षे मात्र जवळजवळ अंधारात आहेत. आबा त्यांविषयी फार बोलत नसत. येसकरपाळी, सांगावा घेऊन गावोगाव पळणे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे, आणि त्या बदल्यात बलुत्याचे धान्य व शिळी भाकर. या सगळ्याला 'वतन' असे भारदस्त नाव होते. महामंदीवरील तासाला विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे देता येईल. १९२९ नंतर जगभर धान्याचे भाव कोसळले, सावकाराचे व्याज फिटेना, शेतकरी बुडाला. महारवाड्यात मंदी आली की नाही हे सांगता येत नाही, कारण मंदी यायला आधी हातात पैसा असावा लागतो. येथे पैशाचा व्यवहारच नव्हता. भाव चढला तरी टोपलीत पडायचे तेवढेच पडे आणि उतरला तरी तेवढेच.

त्याच काळात त्यांच्या अवतीभवती काय घडत होते ते पाहावे. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे बिल मांडले. हे वतन म्हणजे हक्क नसून वेठ आहे, महाराला रोख पगार द्या किंवा त्याला त्यातून मोकळा करा, हा त्यामागचा विचार. बिल पास झाले नाही. १९२९ च्या ऑक्टोबरात पुण्याला पर्वतीचा सत्याग्रह झाला. १९३२ च्या सप्टेंबरात रावेतहून चालत काही तासांवर असलेल्या येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. आबा तेव्हा चौदा वर्षांचे. त्या दिवशी ते कुठे होते असे मी एकदा विचारले होते. "ढोरांमागं असंन, दुसरं कुठं?" एवढेच ते म्हणाले. आपल्या नशिबाचा करार इतक्या जवळ होत असता ज्याला तो होतो आहे याची गंधवार्ता नसते, त्याला आपण इतिहासाच्या बाहेरचा म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. त्या तुरुंगातल्या कागदावर ज्या लाखो माणसांविषयी बोलणे चालले होते, त्यांतलाच तो मुलगा होता. करारातल्या आकड्यांत तो मोजला गेला होता.

आता लढाईकडे येऊ. महार आणि सैन्य यांचा संबंध सांगताना आपण भीमा-कोरेगावच्या स्तंभाशी थांबतो. मला पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. उपयोग झाला नाही. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि तह झाल्यावर १९२१ साली ती मोडलीही. पुन्हा वीस वर्षे दार बंद. जपानी दारात येऊन ठेपण्याच्या सुमारास, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. म्हणजे जग एकमेकांच्या नरड्याला लागले की आमचे हात शुद्ध होतात, आणि शांतता झाली की पुन्हा विटाळ! लढाऊ जमात कोणती आणि कोणती नाही हे मानववंशशास्त्राने ठरविले नव्हते, आघाडीवरच्या मृतांच्या यादीने ठरविले होते.

आबा शिपाई झाले नाहीत. छाती भरली नाही असे ते सांगत. ते डेपोत मजूर झाले. दुसऱ्या महायुद्धाने मुंबई-पुणे रेल्वेच्या या टप्प्यावर, देहूरोडला, दारूगोळ्याचे आणि लष्करी सामानाचे मोठे ठाणे उभारले. मावळातून, खेडमधून, मुळशीकडून माणसे कामाला आली, त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती. रावेतहून रेल्वेच्या कडेकडेने पायी जायचे, पेट्या उचलायच्या, वॅगनी भरायच्या आणि पायी परत यायचे. पेट्यांत काय आहे हे ठाऊक होते, पण त्या कुठे जातात हे ठाऊक नव्हते. आज नकाशा समोर ठेवला की अंदाज बांधता येतो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या चौदाव्या फौजेला हिंदुस्थानातल्या ठाण्यांतूनच रसद जात होती. ब्रह्मदेश पडल्यामुळे तिथला तांदूळ यायचा थांबला, बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसे अन्नावाचून मेली. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग आले. आणि त्याच वर्षी रावेतच्या एका महाराच्या हातात पहिल्यांदा महिन्याचा रोख पगार पडला. एकाच घटनेची ही दोन टोके आहेत आणि ती मला एका वाक्यात बसविता येत नाहीत. बंगालचा दुष्काळ शिकविताना मी जरा अडखळतो याचे कारण हे आहे.

पगाराबरोबर आणखी एक गोष्ट आबांच्या हाती आली: घड्याळ. मनगटावरचे नव्हे, भोंग्याचे. गावकीच्या कामाला वेळ नसते. मध्यरात्री हाक आली तरी उठायचे. डेपोत काम सुरू व्हायची वेळ होती आणि संपायचीही होती. या वेळेचाही इतिहास आहे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली. तिने कारखान्यातील कामाची मर्यादा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरविली. त्याच ठरावात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेगळे कलम होते: ६० तास. गोऱ्या मजुराचे शरीर ४८ तासांत थकते आणि काळ्याचे ६० तासांत, असे शास्त्र बहुधा कोणी शोधून काढले असावे. १९२२ च्या कायद्याने आपल्याकडे ६० तास आले, १९३४ च्या कायद्याने ५४. ४८ तास यायला १९४६ साल उजाडावे लागले. ती फॅक्टरी कायद्याची दुरुस्ती ज्या मजूर खात्याने तयार केली त्याचे मंत्री १९४२ च्या जुलैपासून १९४६ पर्यंत बाबासाहेब होते. आबांना वॉशिंग्टन माहीत नव्हते. "आठ तास बाबासाहेबांनी दिले" एवढे त्यांना माहीत होते आणि ते खोटे नव्हते.

२५ डिसेंबर १९५४. हा दिवस आमच्या घरात स्वातंत्र्यदिनापेक्षा मोठा. देहूरोडच्या आपल्या कामगारांनी वर्गणी काढून देऊळ बांधले होते. ते मुळात चोखोबासाठी होते असे सांगतात. त्यात चोखोबा बसला नाही. बाबासाहेब त्या महिन्यात रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तेथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी स्वतःच्या हाताने येथे बसविली. नागपूरची दीक्षा अजून जवळजवळ दोन वर्षे दूर होती. पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच, असे ते त्या दिवशी बोलले आणि सामान्य माणसाला कळेल असे बुद्धाच्या शिकवणुकीचे पुस्तक आपण लिहीत आहोत असेही त्यांनी सांगितले. तुकारामाच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर, ज्या स्टेशनाला वारकऱ्यांच्या गावाचे नाव आहे त्या स्टेशनाजवळ हे घडले, याचा विचार आपल्या अभ्यासकांनी पुरेसा केलेला नाही.

मला स्वतःला त्यातली आणखी एक गोष्ट खुणावते. दहा वर्षांपूर्वी याच ठाण्यासारख्या ठाण्यांतून बंदुकीची दारू ब्रह्मदेशाकडे गेली. दहा वर्षांनी ब्रह्मदेशातून बुद्ध आला. आणि तो ज्यांनी उतरवून घेतला त्यांतले कित्येक हात पेट्या चढविणारेच होते. आबांना हे मी कधी सांगू शकलो नाही, कारण ते वारले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि मला ब्रह्मदेश कुठे आहे हे ठाऊक नव्हते. सांगितले असते तर ते काय म्हणाले असते याची कल्पना करणे मी टाळतो. इतिहास लिहिणाऱ्याने आपल्या आजोबांच्या तोंडी आपली वाक्ये घालू नयेत.

१९५६ च्या दीक्षेनंतर रावेतच्या आपल्या माणसांनी गावकी सोडली. ढोर ओढणे बंद, येसकरपाळी बंद. गावाकडून धान्य बंद झाले, शेतावरचे काम बंद झाले. त्याच महिन्यांत महाराष्ट्रभर खेडोपाडी असेच घडले आणि अनेक ठिकाणी आपली माणसे उपाशी राहिली, काही ठिकाणी नाइलाजाने पुन्हा त्याच कामाला गेली. रावेत तगले. का तगले? निष्ठा येथे जास्त होती म्हणून नव्हे. निष्ठा त्या उपाशी राहिलेल्यांची काकणभर अधिकच होती. येथे तीन-चार घरांत डेपोचा पगार होता, आणि पगाराची भाकर सगळ्या वाड्याने वाटून खाल्ली. धर्मांतर हा मनाचा निर्णय होता हे खरे. पण मनाचा निर्णय टिकायला पहिल्या महिन्याचे धान्य लागते. ते धान्य आम्हाला एका महायुद्धाने पुरविले, हे आपण मोकळेपणाने मांडले पाहिजे. नाहीतर जेथे माणसे झुकली तेथे ती भेकड होती असा अर्थ निघतो, आणि तो अन्याय आहे.

माझ्या वडिलांचा जन्म १९५७ चा. त्यांच्यापूर्वी झालेली तीन मुले तापात गेली होती. वडील दीड वर्षाचे असताना त्यांनाही तसाच ताप आला, श्वास लागला. या खेपेस इंजेक्शन मिळाले. "पिंपरीचं विंजेक्शान" असा त्याचा उल्लेख आजी करीत असे, जणू ते एखाद्या देवीचे नाव. १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंगच्या बशीत दिसलेली बुरशी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पिकवली गेली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने भारत सरकारने १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापला, आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पहिली तीन मुले या तारखेच्या अलीकडे जन्मली, चौथा पलीकडे. माझे असणे-नसणे एवढ्यावर ठरले. पंडित नेहरूंच्या औद्योगिक धोरणावर टीका करणारे लेख मी वाचतो, त्यांतल्या काही टीकेशी सहमतही असतो. पण लिहिताना माझा हात जड होतो.

मिलो आणि सुकडी या आजीच्या खुणा. साठीच्या दशकात आणि बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी म्हणजे मिलो. 'पी.एल. ४८०' या अमेरिकन कायद्याखाली आलेल्या धान्याविषयी मी वर्गात शीतयुद्धाच्या प्रकरणात बोलतो. आजीच्या लेखी तिची भाकर थापताना मोडते आणि खाल्ली की पोट दुखते, एवढे पुरेसे होते. तिचे हे मत त्या विषयावरच्या पुष्कळ प्रबंधांहून नेमके आहे.

आजीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. आबांचे कागद आहेत: सर्व्हिस बुक, पेन्शनचे पुस्तक, १९७८ साली निवृत्त होताना काढलेला फोटो. आजीचा एकही कागद नाही. असे असूनही आमच्या घरातून तुरुंगात गेली ती एकटी आजी. ६ डिसेंबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. कसणाऱ्याला पडीक जमीन द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्यात मागण्या होत्या. लाखो माणसे तुरुंगात गेली. आबा सरकारी नोकर. गेले असते तर नोकरी गेली असती, आणि ती एका घराची नोकरी नव्हती. मग आजी गेली. सात वर्षांच्या माझ्या वडिलांना जावेकडे सोपवून बायकांच्या जथ्यात बसली. आत किती दिवस होती हे तिला आठवत नसे. आतली डाळ पातळ होती हे आठवे. संसदेत ते तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० रोजी. वडिलांनी पेपर वाचून दाखविला तेव्हा ती म्हणाली, "लागलं का एकदाचं?" आणि निवडायचे तांदूळ पुढे ओढले.

जमीन मात्र मिळाली नाही. जी होती ती गेली. हा भाग लिहावा की नाही याचा मी बराच विचार केला.

महार वतने मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने संपली. कायदा १ फेब्रुवारी १९५९ पासून अमलात आला. बरोबर एक महिना आधी क्युबात क्रांती झाली होती आणि त्या मे महिन्यात तिथला जमीनसुधारणा कायदा आला. वर्गात मी दुसऱ्यावर अर्धा तास घेतो. पहिला अभ्यासक्रमात नाही! या कायद्याने गावची वेठ कायमची गेली. ज्या जमिनीच्या तुकड्यावर ती वेठ चालत होती, तो हाडकी-हाडोळा, ठरलेली रक्कम भरली की वतनदाराला फेर मंजूर व्हायचा होता. अट अशी की ती जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येणार नाही. अट आपल्या रक्षणासाठी होती. आबांनी रक्कम भरली, सातबाऱ्यावर नाव आले. वाटण्या होऊन आमच्या वाट्याला जो तुकडा आला तो नदीकडचा, खडकाळ.

१९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण निघाले आणि निगडी-आकुर्डीपासून रावेतपर्यंतच्या जमिनींकडे बघण्याची नजर बदलली. तोवर १९६२ नंतरच्या औद्योगिक वसाहतींनी पिंपरी, चिंचवड, भोसरी भरून गेली होती. १९८४ साली आबांनी तो तुकडा एका ओळखीच्या माणसाला साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिला. परवानगी काढली नव्हती. किंमत एवढी थोडी होती की ती सांगायला वडिलांना आजही संकोच वाटतो. आज तेथे उंच इमारती आहेत. आमच्या चळवळीच्या भाषेत मी लिहावयाचे तर 'जमीन लुबाडली' असे लिहावे लागेल, आणि वाचकही मान डोलावतील. पण ते पूर्ण खरे नाही. त्या पैशात दोन आत्यांची लग्ने झाली, घरावर पत्रे आले आणि वडिलांची आय.टी.आय. झाल्यावरची बेकारीची दोन वर्षे निघाली. आबांना जमीन नकोच होती. त्या खडकाकडे पाहिले की त्यांना येसकरपाळी आठवे. ज्या मातीसाठी चाळीस पिढ्यांनी ढोरे ओढली ती माती हातातून गेली तेव्हा या माणसाला हलके वाटले, हे आपल्या भूमिहक्काच्या मांडणीत कुठे बसते? मला अजून ते कोडे सुटलेले नाही. पुढच्या पिढीचे कोट्यवधी रुपये गेले हेही खरे आणि त्यांना त्या रात्री झोप लागली हेही खरे. घेणाऱ्याला मात्र आबांच्या मनात काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. प्राधिकरणाचा नकाशा कुठवर येणार हे त्याला ठाऊक होते आणि आबांना नव्हते. दोघांतला फरक एवढाच. ज्याला नकाशा आधी दिसतो तो जमीनदार होतो.

नामांतराचा लढा, पँथर, मंडल हे सारे आबांच्या उतारवयातले. त्यांत ते नव्हते, वडील होते, आणि वडिलांची कहाणी वेगळी आहे. ती त्यांनीच लिहावी असा माझा आग्रह आहे.

हॉब्सबॉमचे शतक १९९१ साली संपले. त्या वर्षी सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि आपल्याकडे नवे आर्थिक धोरण आले. रावेतला त्याची चाहूल लागायला आणखी सहा वर्षे लागली. १९९७ साली रावेत पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, ग्रामपंचायत गेली. आबा म्हणाले, "आता गाव न्हाई, तर गावकुसाबी न्हाई." हे ते आनंदाने म्हणाले की कसे हे मला तेव्हा कळले नाही. पुढे द्रुतगती मार्ग झाला, किवळ्याचा चौक झाला, शहर वर चढत गेले. गावकुस गेले हे खरे. जाहिरात पाहून फ्लॅट भाड्याने घ्यायला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला आडनाव ऐकल्यावर 'आत्ताच गेला' असे सांगितले जाते, तेव्हा ते कुठे गेले याचा शोध घ्यावा लागतो.

पाण्याचे एक सांगायचे राहिले. आबांच्या लहानपणी आपल्या माणसांनी पवनेचे पाणी खालच्या अंगाला भरायचे, वरचा पाणवठा गावाचा, असा दंडक होता. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तेव्हा आबा नऊ वर्षांचे होते आणि खालच्या पाणवठ्यावर घागर बुडवीत होते. आज पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून पिंपरी-चिंचवडला पुरविले जाते. कोणत्या घरी कोणाच्या हातचे पाणी येते हे नळाला कळत नाही. म्हातारपणी आजीला मी एकदा बंधाऱ्यापर्यंत घेऊन गेलो होतो. पंपाचा आवाज ऐकत ती बराच वेळ उभी राहिली. मग हात करून तिने एक जागा दाखविली. "हितं आमी भरायचो." मी पाहिले. ती जागा बंधाऱ्याच्या खाली होती की वर, हे आता पाण्यावरून ओळखू येत नव्हते.

ती २०१३ साली गेली. तिच्या तुरुंगवासाचा कागद कुठल्या तरी दप्तरात असेल या आशेने मी गेली काही वर्षे शोध घेतो आहे. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थिनीने यंदा आपल्या आजीकडून तीन वह्या भरून आणल्या. त्यांतली पहिली ओळ 'मी मिलोच्या साली झाले' अशी आहे. कोणते मिलोचे साल, पासष्ट-सहासष्टचे की बहात्तरचे, हे ठरवायला आम्ही दोघे बसलो आहोत.